स्वभावाची पारख

१९८२ सालीं अमेरिकेंतील प्राइस वॉटरहाउस या हिशेबतपासनिसांच्या पेढींत भागीदारीसाठीं ८८ नांवें सुचविलीं गेलीं. त्यांत स्त्री एकच, ॲन हॉपकिन्स. पेढीच्या ६६२ भागीदारांत स्त्रिया अवघ्या ७. परराष्ट्रखात्याचें अडीच कोटि डॉलरांचें काम मिळविण्यांत बाईंचा वाटा मोठा, हें सर्वांस मान्य होतें. अडलें तें स्वभावापाशीं. हाताखालच्या माणसांशीं त्या कठोर वागत, ही तक्रार कांहीं केवळ विरोधकांचीच नव्हती. पण त्यावर उपाय कोणता सुचविला? चालणेंबोलणें अधिक बायकी ठेवावें, रंगभूषा करावी, दागिने घालावे! आणि हें सांगणारा त्यांचा पाठीराखाच. वाटाघाटींत जो करारीपणा पेढीला हवा, तोच अभिप्रायपत्रकांत दोष कसा व्हावा? बाई न्यायालयांत गेल्या. असली ठरीव साच्याची पारख हा लिंगभेदाचा पुरावा होऊं शकतो, असें सर्वोच्च न्यायालयानें १९८९ मध्यें मानलें. १९९१ मध्यें बाई त्याच पेढींत भागीदार म्हणून परतल्या.