औषधसूचनांची परभाषा : पिंपरी-चिंचवड परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

परदेशी राहणाऱ्या माणसाला भाषेचे परकेपण आजारपणात जितके जाणवते तितके एरवी क्वचितच जाणवत असेल. अमेरिकेत नव्याने गेलेल्या मराठी कुटुंबाला साध्या तापाच्या गोळीपासून धडे गिरवावे लागतात. भारतात ज्याला पॅरासिटामॉल म्हणतात तेच द्रव्य तेथे ॲसिटामिनोफेन या नावाने विकले जाते. नावे निराळी म्हणून औषधेही निराळी, असे समजून दोन्ही घेतली तर एकाच द्रव्याची मात्रा दुप्पट होते आणि त्याचा भार यकृतावर पडतो. स्थलांतरितांच्या आरोग्याविषयीच्या लेखनात अशा अडचणींची चर्चा पुष्कळ झाली आहे. मात्र स्वदेशात राहणाऱ्याला ही अडचण नसते, असे त्या चर्चेत सहसा गृहीत धरलेले असते. प्रस्तुत लेखात हे गृहीतक पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्याच्या आधारे तपासले आहे. सार्वजनिक क्षेत्रातील देशाचा पहिला औषध कारखाना ज्या गावी उभा राहिला, त्या गावीही औषधाच्या वेष्टनावरील मजकूर अनेक रुग्णांना परकाच राहिला. याचे कारण निव्वळ निरक्षरतेत शोधणे अपुरे ठरते. तो मजकूर मुळात रुग्णाला उद्देशून लिहिलाच गेला नव्हता, असे येथे मांडावयाचे आहे.

चिठ्ठी, बाटली आणि कायदा

पाश्चात्त्य वैद्यक मुंबई इलाख्यात रुजले ते दुहेरी परभाषेतून. डॉक्टर इंग्रजीत शिकलेला असे, परंतु औषधाची चिठ्ठी तो लॅटिन संक्षेपांत लिही. 'टी.डी.एस.' म्हणजे दिवसातून तीनदा घ्यावयाचे, 'बी.डी.' म्हणजे दोनदा, 'एच.एस.' म्हणजे झोपेच्या वेळी. हे संक्षेप आजही चिठ्ठ्यांवर दिसतात. या वैद्यकाचे शिक्षण देशी भाषांतून देण्याचा प्रयत्न झालाच नाही, असे नाही. मुंबईत १८२६ मध्ये डॉ. जॉन मॅक्लेनन यांच्या देखरेखीखाली देशी विद्यार्थ्यांसाठी वैद्यकशाळा निघाली होती व तेथे देशी भाषांचा अवलंब करण्यात आला होता. ती १८३२ मध्ये बंद झाली. पुढे १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले ते इंग्रजी माध्यमाचे.

रुग्ण आणि ही दुहेरी परभाषा यांच्यामध्ये उभा होता तो कंपाउंडर. भारतीय औषधशास्त्राच्या इतिहासात या माणसाची नोंद फारच त्रोटक आहे, ही खेदाची बाब होय. मिश्रणाच्या बाटलीवर तो कागदाची एक पट्टी चिकटवीत असे. पट्टीच्या कडा ठरावीक अंतरावर कातरलेल्या असत व एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंतचे औषध म्हणजे एक मात्रा. ही पट्टी वाचण्यास कोणतीही लिपी येण्याची गरज नव्हती. मराठी, कानडी वा सिंधी रुग्णाला ती सारखीच कळे. पथ्य आणि वेळ तो तोंडी सांगे. १९४८ च्या औषधशास्त्र कायद्याने औषधे देण्याचे काम क्रमाक्रमाने नोंदणीकृत फार्मासिस्टकडे गेले, तयार गोळ्यांची पाकिटे आली आणि मिश्रणाच्या बाटलीबरोबर ती पट्टीही मागे पडली. अप्रशिक्षित हातांतून औषधे काढून घेण्याचा उद्देश योग्यच होता. परंतु पट्टीचे काम पुढे कोणी करावयाचे, हा प्रश्न त्या वेळी फारसा विचारला गेला नाही.

औषधांच्या वेष्टनावर काय असावे हे १९४० चा औषधविषयक कायदा व त्याखालील १९४५ चे नियम ठरवितात. औषधाचे नाव, घटक, उत्पादक, तुकडी क्रमांक, उत्पादनाची व मुदत संपण्याची तारीख असा हा तपशील आहे. तो औषध निरीक्षकाला, विक्रेत्याला आणि डॉक्टरला उपयोगी पडणारा आहे. रुग्णाच्या प्रादेशिक भाषेत सूचना छापण्याची सर्वसाधारण सक्ती त्यात नाही. खोक्यातील माहितीपत्रकावर तर 'केवळ नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिक, रुग्णालय अथवा प्रयोगशाळा यांच्या उपयोगासाठी' अशा अर्थाचे वाक्य इंग्रजीत छापलेले असते. म्हणजे घरी नेलेल्या खोक्यातील कागद ज्याच्या हाती पडतो, त्याच्यासाठी तो नाहीच, असे तो कागद स्वतःच सांगतो!

येथे एक तुलना उद्बोधक आहे. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनुसार कीटकनाशकाच्या वेष्टनावरील मजकूर इंग्रजी, हिंदी आणि विक्रीच्या प्रदेशातील एक-दोन भाषांत छापावा लागतो. विषारीपणाची तीव्रता दाखविण्यासाठी त्यावर रंगीत त्रिकोणही असतो. आयुर्वेदिक औषधांपैकी विषारी द्रव्ये असलेल्या पोटात घेण्याच्या औषधांवर सावधगिरीची सूचना इंग्रजी व हिंदी अशा दोन्ही भाषांत देण्याची अट आहे. तेव्हा वेष्टनाला अनेक भाषांत बोलते करणे विधिकर्त्यांना अपरिचित नव्हते. शेतकऱ्याला वाचक मानले गेले. ॲलोपॅथीच्या रुग्णाला मात्र डॉक्टरच्या मागे उभे केले गेले.

पेनिसिलीनचे गाव

फाळणीनंतर पिंपरीत सिंधी निर्वासितांची छावणी वसली. आजही तो भाग पिंपरी कॅम्प म्हणून ओळखला जातो. १० मार्च १९५४ रोजी हिंदुस्थान अँटिबायोटिक्स लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांचे साहाय्य या प्रकल्पास लाभले होते. १९५५ मध्ये पेनिसिलीनचे उत्पादन सुरू झाले आणि स्थानिकांच्या तोंडी 'एच.ए.' हे नाव रूढ झाले. पुढे येथे स्ट्रेप्टोमायसिनही तयार होऊ लागले. कारखान्याच्या संशोधन विभागात डॉ. एम. जे. तिरुमलाचार यांच्या मार्गदर्शनाखाली लागलेल्या बुरशीनाशक प्रतिजैविकाला तर कारखान्याच्याच नावावरून 'हॅमायसिन' असे नाव मिळाले.

या टप्प्यावर भाषेचा प्रश्न ठळक झाला नाही, आणि याचे कारण औषधाच्या रूपात आहे. पेनिसिलीन व स्ट्रेप्टोमायसिन प्रामुख्याने सुईवाटे दिले जात. कुपीवरील अक्षरे डॉक्टर वाची व रुग्ण दंड पुढे करी. औषधाची सूत्रे रुग्णाच्या हाती गेली ती घरी घ्यावयाच्या गोळ्यांबरोबर. १९५९ मध्ये मद्रास येथील अभ्यासाने दाखवून दिले की, क्षयरोग्यावर घरी ठेवून केलेले उपचार आरोग्यधामातील उपचारांइतकेच परिणामकारक ठरतात. गरीब देशाच्या दृष्टीने हा निष्कर्ष क्रांतिकारक होता. मात्र महिनोन्‌महिने नेमाने गोळ्या घेण्याची जबाबदारीही त्याबरोबर घरात आली. पुढे सुधारित राष्ट्रीय क्षयरोग नियंत्रण कार्यक्रमात प्रत्येक रुग्णाच्या नावे स्वतंत्र खोके आले. नव्या रुग्णांसाठी लाल व पुनरुपचारासाठी निळे अशी त्यांची विभागणी होती, आणि गोळ्या आरोग्यसेवकासमोर घ्यावयाच्या होत्या. वेष्टन वाचता येत नसेल तर माणूस आणि रंग यांनी ते वाचून दाखवावे, असा हा मार्ग होता.

'आधी', 'रात्री' आणि पाळी

१९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, मोटारींचे कारखाने आले, १९७० मध्ये नगरपालिका व १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. या वाढीचा इतिहास अन्यत्र विस्ताराने लिहिला गेला आहे. आपल्या विषयापुरते महत्त्वाचे एवढेच की, प्रथम मराठवाडा, विदर्भ, कर्नाटक व केरळ येथून आणि पुढे उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा येथून कामगार येत राहिले. चाकणच्या औषधदुकानात त्यामुळे विक्रेता मराठीत विचार करतो, हिंदीत बोलतो आणि वेष्टन इंग्रजीत असते.

या तिहेरी व्यवहारात धोका अनोळखी शब्दाचा नसून ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दाचा असतो. मराठीत 'जेवणाच्या आधी गोळी' म्हणजे जेवणापूर्वी. हिंदीभाषकाच्या कानी मात्र 'आधी गोली' म्हणजे अर्धी गोळी. मराठी 'काल' हा गेलेला दिवस. हिंदी 'कल' गेलेलाही आणि येणाराही. आपल्याला हे शब्द कळले, असे दोन्ही बाजूंना वाटते आणि म्हणूनच कोणी फेरविचारणा करीत नाही. अमेरिकेत याचे जुळे उदाहरण नेहमी दिले जाते. इंग्रजीत 'एकदा' या अर्थाचा जो शब्द आहे, त्याच अक्षरांचा स्पॅनिशमधील अर्थ 'अकरा' असा होतो.

या अडचणीवर आपल्या औषधदुकानांनी शोधलेला तोडगा म्हणजे अंक. पाकिटावर '१-०-१' लिहिले की सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. कंपाउंडरच्या पट्टीचा हा खरा वारस होय, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तो सोपा आहे, स्वस्त आहे, भाषानिरपेक्षही आहे. पण तो दिवस सूर्याप्रमाणे मोजतो, तर औद्योगिक पट्टा पाळीप्रमाणे. तिसऱ्या पाळीचा कामगार सकाळी झोपतो. झोप आणणारी ॲलर्जीची गोळी पाकिटावरील शेवटच्या अंकाप्रमाणे त्याने रात्री घेतली, तर नेमके यंत्रावर उभे राहताना तिचा अंमल चढेल. गंमत अशी की, जुन्या लॅटिन 'एच.एस.' मध्ये रात्र हा शब्दच नाही. त्यात केवळ झोपेची वेळ आहे. रुग्णाला न कळणारी परभाषा येथे त्याला कळणाऱ्या अंकांपेक्षा अधिक अचूक ठरते.

परदेशातील वाट

या पट्ट्यात आता खरोखरीचे परदेशस्थही राहतात. २००९ मध्ये चाकणला जर्मन मोटार कंपन्यांचे कारखाने सुरू झाल्यापासून तेथे जर्मन अभियंत्यांचे येणेजाणे वाढले. युरोपीय संघाच्या २००१ च्या औषधविषयक निर्देशानुसार रुग्णासाठीचे माहितीपत्रक त्या-त्या देशाच्या अधिकृत भाषेत असावे लागते, आणि ते वाचनीय आहे की नाही हे प्रत्यक्ष रुग्णांकडून पारखून घ्यावे लागते. अशा व्यवस्थेतून आलेल्या माणसाला येथे कातरीने कापलेल्या चार गोळ्या मिळतात. कापलेल्या तुकड्यावर कधी नाव उरते तर कधी मुदतीची तारीख. इंग्रजी वाचता येऊनही तो त्या क्षणी चाकणच्या ओडिया कामगाराच्या रांगेत येतो.

केवळ भाषांतराची सक्ती केली म्हणजे प्रश्न सुटतो, असे मात्र म्हणवत नाही. न्यूयॉर्क राज्याने २०१२ मध्ये मोठ्या साखळी औषधदुकानांवर प्रमुख परभाषांतून सूचना देण्याचे बंधन घातले. त्याच राज्यातील ब्राँक्स भागात संगणकाने केलेल्या स्पॅनिश सूचनापट्ट्यांची तपासणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली होती व त्यांपैकी निम्म्या सदोष आढळल्या होत्या. मराठीत 'रिकाम्या पोटी' याऐवजी 'उपाशीपोटी' छापले, तर उपवासाच्या दिवशी गोळी घ्यावी की टाळावी, असा नवाच प्रश्न घरात उभा राहील.

भारतात या शतकात झालेले बदल मुख्यतः खुणांच्या दिशेने झाले आहेत. २०१४ पासून काही निवडक प्रतिजैविके व क्षयरोगाची औषधे यांच्यावर लाल चौकटीतील इशारा आला. २०१६ मध्ये प्रतिजैविकांच्या पाकिटावरील लाल रेषेचा प्रचार सुरू झाला. १ ऑगस्ट २०२३ पासून उत्पादित होणाऱ्या तीनशे प्रमुख व्यापारी नावांच्या औषधांवर क्यूआर कोड बंधनकारक झाला. त्या चौकोनात आठ बाबी साठवावयाच्या आहेत : उत्पादनाचा ओळख क्रमांक, मूळ नाव, व्यापारी नाव, उत्पादकाचे नाव व पत्ता, तुकडी क्रमांक, उत्पादनाची तारीख, मुदतीची तारीख आणि परवाना क्रमांक. औषध बनावट आहे की नाही हे त्यावरून ताडता येते. गोळी केव्हा आणि किती घ्यावी, हे औषधदुकानदार आजही पाकिटावर बॉलपेननेच लिहून देतो.