देवळालीचा ताप

नाशिकनजीकच्या देवळाली छावणीचें नांव इंग्रजी भाषेनें मोठ्या चमत्कारिक रीतीनें जतन करून ठेविलें आहे. कोणाचें डोकें फिरलें म्हणजे तो 'डूलॅली' झाला असें इंग्रज म्हणतात. हा शब्द देवळालीचाच अपभ्रंश होय. गोऱ्या शिपायांचा मूळ वाक्प्रचार 'देवळाली टॅप' असा होता, व त्यांतील 'टॅप' हा आपल्या 'तापा'चाच सोयरा. लोकांचें आरोग्य आंकड्यांनीं मोजण्याची विद्या या देशांत कशी आली, आणि तिच्या मापांत काय मावलें नाहीं, याचा विचार या एका शब्दाच्या आधारें करावा असें आम्ही योजिलें आहे.

ही विद्या प्रथम लष्कराच्या कामीं लागली. १८५७ च्या उठावानंतर येथील गोरी फौज वाढली, आणि ती लढाईपेक्षां रोगानेंच अधिक मरते हें सरकारास जाचूं लागलें. १८५९ सालीं नेमलेल्या शाही कमिशनानें १८६३ त अहवाल दिला. गोऱ्या शिपायांत दरवर्षीं हजारीं ६९ मृत्यु होतात, असें त्यांत आढळून आलें. फ्लॉरेन्स नाइटिंगेल या विदुषीनें छावण्याछावण्यांकडून प्रश्नावलीचीं उत्तरें मागवून दूषित पाणी, तुंबलेलीं गटारें, दाटीच्या बराकी आणि दारू यांकडे बोट दाखविलें. हा आंकडा १८ वर उतरल्याचें तिनेंच १८७३ सालीं नमूद केलें. जें मोजलें गेलें त्यावर पैसा खर्च झाला, आणि माणसें वांचलीं. मोजदादीचें हें यश कोणीही नाकारूं नये.

देवळालीची छावणी याच काळांतली, १८६१ च्या सुमाराची. विलायतेहून उतरलेल्या पलटणी येथें विसावत, व मुदत संपलेले शिपाई परतीच्या जहाजाची वाट पाहत येथें राहत. हीं जहाजें साधारणपणें हिंवाळ्यांतच सुटत. ज्याची मुदत हंगाम संपल्यावर भरे, त्यास पुढील हंगामापर्यंत रिकामें बसावें लागे. फ्रँक रिचर्ड्स या जुन्या शिपायानें १९३६ सालच्या आपल्या आठवणींत या रिकामपणाचें वर्णन केलें आहे. वर्षानुवर्षें चोख चाकरी केलेलीं माणसें येथें येऊन बिघडत, तुरुंगांत जात किंवा रोग जडवून घेत. लष्करी वैद्यकीय तक्त्यांत हजारीं किती इस्पितळांत आले, किती मेले, किती निकामी ठरून घरीं गेले, हें सारें असे. परंतु घराकडे डोळे लावून बसलेल्या मनाच्या क्लेशास त्यांत रकाना नव्हता. तो शिपायांनींच आपल्या बोलींत निर्माण केला, व त्यास 'ताप' हें नांव दिलें.

छावणीच्या कुंपणाबाहेरही तापाचाच रकाना सर्वांत मोठा होता. खेड्यांतील मृत्यूची नोंद गांवकामगारांच्या हातीं असे, आणि त्यांस वैद्यकाचें शिक्षण नसे. पटकी व देवी हे रोग ओळखूं येत. १८९६ नंतर प्लेगही त्यांत आला. बाकी हिंवताप काय, क्षय काय, बाळंतरोग काय, पुष्कळसे मृत्यु 'ताप' या एका सदरांत जात. शिपायाच्या बराकींतील हवासुद्धां मोजली जात असतां रयतेचा मृत्यु असा ढोबळ मानानें लिहिला जाई. याचें फळ भोर समितीच्या १९४६ च्या अहवालांत दिसतें: सरासरी आयुर्मान सुमारें २७ वर्षें, आणि १९३७ सालीं जन्मलेल्या दर हजार मुलांमागें १६२ वर्षाच्या आंत दगावलेलीं.

त्याच १९४६ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेंत आरोग्य म्हणजे केवळ रोगाचा अभाव नव्हे, तर शरीर, मन व समाजजीवन यांचें स्वास्थ्य, अशी व्याख्या झाली. व्याख्या झाली तरी मोजमाप मागाहूनच आलें. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेनें १२ राज्यांत केलेली राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी थेट २०१५-१६ ची. तींत दर शंभर प्रौढांत दहांहून अधिकांना कोणता तरी मनोविकार आढळला. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. ज्या गांवच्या नांवानें जगानें मनाच्या व्यथेस शब्द दिला, त्याच्याच प्रांतांत ती व्यथा तेव्हां मोजावयाची राहून गेली. आंकड्यांवर अविश्वास धरावा असें आमचें म्हणणें नाहीं. उलट जें अद्याप मोजलें नाहीं तेंही मोजलें जावें, एवढाच आमचा आग्रह आहे. रकाना नाहीं म्हणून रोग नाहीं, असें समजणाऱ्या राज्यकर्त्यांस देवळालीच्या या तापाची आठवण द्यावी.