आसनाची निगा : दर्भापासून रबरापर्यंत

योगाचा इतिहास सांगताना आपण आचार्यांची आणि ग्रंथांची नावे घेतो. पण साधक ज्यावर बसला त्या बैठकीचा इतिहास सहसा कोणी सांगत नाही. तो आज थोडक्यात आपल्यापुढे मांडावयाचा आहे. घरोघर आता योगाची मॅट आली आहे. ती राखावी कशी, हे मात्र आपल्याला घरातल्या वडीलधाऱ्यांकडून कळलेले नाही.

गीतेच्या सहाव्या अध्यायात आसनाची मांडणी सांगितली आहे. जागा शुद्ध हवी. खाली दर्भ, त्यावर मृगाजिन आणि त्यावर वस्त्र. घेरंडसंहितेत दर्भ व कातडे यांच्या जोडीला कांबळेही येते. हठप्रदीपिकेतली मठी शेणाने सारवलेली आणि किडामुंगीपासून मुक्त असते. पतंजलींनी तर नियमांमध्ये पहिले स्थान शौचालाच दिले. या मांडणीत व्यवहारही दिसतो. जमिनीची ओल खालचे थर अडवतात. अंगाला लागणारे, घाम टिपणारे वस्त्र सर्वांत वर असते. म्हणजे जे सहज धुता येते, तेच वर !

पुढे सामान्य घरांत घोंगडी आणि सतरंजी आली. सणगरांच्या मागावरच्या घोंगडीला चिंचोक्याची खळ असते. ती रोज पाण्यात बुडवून चालत नाही. ती झटकावी, उन्हात टाकावी. सुती सतरंजी मात्र खुशाल धुवावी. हे कोणी पुस्तकात वाचले नव्हते. वस्तूबरोबर तिची रीतही घरात नांदत होती.

या इतिहासात आपल्या खानदेशाचाही वाटा आहे. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच पुढचे स्वामी कुवलयानंद, अमळनेरला शिक्षणकार्यात होते. आपल्या जिल्ह्याची उत्तर सीमा आखणारी नर्मदा पुढे गुजरातेत मालसरला जाते. तेथील परमहंस माधवदासजींकडे १९१९ साली ते योग शिकले. १९२४ साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि योगक्रियांचा प्रयोगशाळेत अभ्यास आरंभला. शाळांतून सामुदायिक योगाभ्यास व्हावा, यासाठीही ते झटले. एकांतातली बैठक अशी समूहात आली.

दुसरा बदल पुण्याहून निघाला. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यास आले. त्यांच्या पद्धतीत उभ्या आसनांना मोठे महत्त्व. पाय फाकून उभे राहायचे तर घोंगडी फरशीवरून सरकते. त्यांच्या शिष्या अँजेला फार्मर यांनी जर्मनीत, गालिच्याखाली अंथरतात तो न घसरणारा थर कापून वापरला. त्यातूनच आजची चिकट मॅट पुढे आली. संयुक्त राष्ट्रांनी ११ डिसेंबर २०१४ रोजी २१ जून हा योगदिन ठरवला, तेव्हापासून आपल्याकडे तिचा प्रसार आणखी वाढला.

मात्र ही वस्तू आपली रीत बरोबर घेऊन आली नाही. आपण तिला घोंगडीचाच न्याय लावतो : घाम आला, टाका गच्चीवर उन्हात. आपल्या नंदुरबारात मिरचीच्या पथाऱ्या उन्हात पसरतात. मिरचीला ते ऊन लाभते, रबराला नाही. कडक उन्हाने नैसर्गिक रबराला भेगा पडतात. प्लॅस्टिकची मॅट कालांतराने कडक होते, तिची पकड जाते. मग आपण दुकानदाराला दोष देतो.

खरी रीत सोपी आहे. अभ्यासाआधी हातपाय धुवावेत. अभ्यास झाला की ओलसर फडक्याने मॅट दोन्ही बाजूंनी पुसावी. आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोनचार थेंब घालून हलक्या हाताने पुसावी आणि साबण राहू न देता पुन्हा साध्या पाण्याच्या फडक्याने पुसून घ्यावी. तारेचा ब्रश, उकळते पाणी, तेल ही वर्ज्य. सावलीत, वाऱ्यावर, दोरीवर वाळवावी. पूर्ण कोरडी झाल्यावाचून गुंडाळू नये, नाहीतर आत बुरशी धरते. आणि आपली मॅट आपणच वापरावी. सभागृहातली सामायिक मॅट असेल तर आपले धुतलेले वस्त्र तिच्यावर अंथरावे. नायट्यासारखे त्वचारोग अशा बैठकीवरून एकाचे दुसऱ्याला होऊ शकतात.

हे वस्त्र अंथरताना आपण कोठे येऊन पोहोचतो, पाहा ! खाली दर्भ नाही, अजिन नाही; पण सर्वांत वर पुन्हा तेच धुतलेले वस्त्र आले. साहित्य बदलले, शौचाचा नियम बदलला नाही. वस्तू नवी आली की तिची रीत घरात आपणच घालून द्यावी लागते. तेवढे केले, तर आपल्या मुलांना हे व्याख्यान ऐकावे लागणार नाही.