स्पिटफायर प्रतिकृतींची रंगयोजना

स्पिटफायर प्रतिकृतींची रंगयोजना म्हणजे सुपरमरीन स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती रंगवताना दुसऱ्या महायुद्धातील मूळ रंगांशी जुळणाऱ्या छटांची केलेली निवड होय. या विमानाचे रंग युद्धकाळात अनेकदा बदलले. त्यामुळे प्रतिकृतीवरील रंग विशिष्ट काळ, युद्धक्षेत्र आणि तुकडी सूचित करतो. एखादी छटा किंवा पट्टा चुकल्यास प्रतिकृती वेगळ्याच वर्षाची ठरते.

== मूळ रंग ==
१९३८ मध्ये स्पिटफायर रॉयल एअर फोर्सच्या सेवेत दाखल झाले. त्या वेळी त्याच्या वरच्या पृष्ठभागावर डार्क अर्थ (मातकट तपकिरी) आणि डार्क ग्रीन (गडद हिरवा) या दोन रंगांचे मायावरण असे. जमिनीवर उभे असलेले किंवा कमी उंचीवरून उडणारे विमान वरून पाहणाऱ्यास शेते व झाडीत मिसळून जावे, हा त्याचा उद्देश होता. रंगाच्या पट्ट्यांची मांडणी ठरावीक आराखड्यानुसार केली जाई. एकमेकांची आरशातील प्रतिमा असलेले दोन आराखडे सुरुवातीस वापरात होते.

युद्धाच्या आरंभी खालच्या पृष्ठभागाचा अर्धा भाग काळा व अर्धा पांढरा असे. जमिनीवरील निरीक्षकांना आपले विमान ओळखता यावे यासाठी ही व्यवस्था होती.

== स्काय रंगाचा प्रश्न ==
जून १९४० मध्ये खालच्या पृष्ठभागासाठी स्काय हा फिकट, पिवळसर हिरवट रंग ठरवण्यात आला. तयार रंगाचा पुरवठा अपुरा असल्याने काही ठिकाणी उपलब्ध रंग मिसळून काम भागवले गेले. परिणामी त्या उन्हाळ्यातील विमानांवर निळसर आणि हिरवट अशा भिन्न छटा दिसत. 'स्काय टाइप एस' या नावातील 'एस' हे अक्षर छटेचे नसून रंगाच्या गुळगुळीत पोताचे निदर्शक आहे.

विमानाच्या मागील भागावरील १८ इंच रुंदीचा स्काय पट्टा नोव्हेंबर १९४० च्या अखेरीस सुरू झाला. ब्रिटनची लढाई ऑक्टोबरअखेरीस संपली असल्याने त्या लढाईतील विमानाच्या प्रतिकृतीवर हा पट्टा दाखवणे कालविसंगत ठरते. ही चूक प्रतिकृतींमध्ये वारंवार आढळते.

== नंतरचे बदल ==
लढाया अधिक उंचीवर आणि समुद्रावर होऊ लागल्याने ऑगस्ट १९४१ मध्ये तपकिरी रंगाऐवजी ओशन ग्रे आणि खालच्या बाजूस मीडियम सी ग्रे हे रंग आले. ओशन ग्रे मिळेपर्यंत सात भाग मीडियम सी ग्रे व एक भाग काळा असे मिश्रण वापरण्यास मुभा होती. वाळवंटी प्रदेशात डार्क अर्थ, मिड स्टोन आणि खाली अझ्युर ब्लू ही योजना होती.

जून १९४४ मधील नॉर्मंडी स्वारीपूर्वी पंखांवर व धडावर काळे-पांढरे पट्टे रंगवले गेले. एक इंजिनाच्या विमानावर प्रत्येक पट्टा १८ इंच रुंद असे. म्हणजे १:७२ प्रमाणात सुमारे ६.४ मिलिमीटर आणि १:४८ प्रमाणात सुमारे ९.५ मिलिमीटर. हे काम अनेक ठिकाणी घाईने, ब्रशने झाल्यामुळे पट्ट्यांच्या कडा नेहमी सरळ नसत.

== भारत व आग्नेय आशिया ==
आग्नेय आशियात हिरवा-तपकिरी मायावरण कायम राहिला. जपानी विमानांवरील लाल वर्तुळाशी गल्लत होऊ नये म्हणून राष्ट्रीय चिन्हातील लाल रंग काढून तेथे निळ्या छटांचे चिन्ह वापरले गेले. रॉयल इंडियन एअर फोर्सच्या ८ व्या स्क्वाड्रनने याच आघाडीवर स्पिटफायर वापरले. त्यामुळे या स्क्वाड्रनच्या युद्धकालीन प्रतिकृतीवर लाल केंद्र असलेले युरोपीय चिन्ह विसंगत ठरते.

== पुरावे आणि मर्यादा ==
रंगनिश्चितीसाठी अधिकृत आदेश, रंगाचे मूळ नमुने, अवशेषांवरील थर आणि छायाचित्रे यांचा आधार घेतला जातो. प्रत्येक पुराव्याला मर्यादा आहेत. ऑर्थोक्रोमॅटिक कृष्णधवल फिल्मवर लाल आणि पिवळा रंग गडद दिसतो, त्यामुळे चिन्हाभोवतीचे पिवळे कडे काळपट भासू शकते. जुन्या रंगीत छायाचित्रांतील छटा काळाच्या ओघात बदलतात. संग्रहालयातील विमाने बहुधा पुन्हा रंगवलेली असतात. ऊन, इंधन व धुराने मूळ रंगही फिका किंवा मळकट होई.

ब्रिटिश मानक ३८१ सी मध्ये स्काय २१० आणि मीडियम सी ग्रे ६३७ या क्रमांकांनी नोंदले आहेत. मात्र एकाच नावाच्या, वेगवेगळ्या उत्पादकांच्या बाटल्यांतील छटा सारख्या नसतात. एका प्रकाशात जुळणारे दोन रंग दुसऱ्या प्रकाशात वेगळे दिसू शकतात. म्हणून तुलना दिवसाच्या प्रकाशात आणि रंग पूर्ण वाळल्यावर करणे श्रेयस्कर मानले जाते.

== प्रमाणपरिणाम ==
दूरवरून पाहिलेल्या वस्तूचा रंग हवेमुळे फिका भासतो. लहान प्रतिकृती म्हणजे दुरून पाहिलेले विमान, असे मानून काही कारागीर मूळ रंगात थोडा पांढरा किंवा करडा रंग मिसळतात. मूळ नमुन्याशी तंतोतंत जुळणी हाच निकष मानणाऱ्यांना ही पद्धत मान्य नाही. तथापि, छटेतील सूक्ष्म फरकापेक्षा योग्य काळाची योजना व चिन्हे निवडणे अधिक महत्त्वाचे आहे. छटा वादग्रस्त असू शकते, परंतु पट्ट्याची तारीख आदेशांवरून तपासता येते.