नदीकाठच्या घरांची सरकारी खरेदी : अमेरिकी धोरणाचा इतिहास

पुराच्या पाण्याखाली वारंवार जाणारी घरे सरकारने सार्वजनिक पैशातून विकत घ्यावीत, ती पाडावीत आणि मोकळ्या झालेल्या जमिनीवर पुन्हा कधीही वस्ती होऊ देऊ नये, हे धोरण अमेरिकेत गेल्या अर्धशतकात आकाराला आले. तिथे या व्यवहाराला ‘बायआउट’ म्हणतात. भूसंपादनात सार्वजनिक हेतूसाठी मालकावर सक्ती करता येते; बायआउटमध्ये मात्र सरकार किंमत देऊ करते आणि ती स्वीकारायची की नाही हे मालक ठरवतो. या धोरणाच्या इतिहासातून एक गोष्ट ठळकपणे पुढे येते : घर विकत घेण्याची रीत कायद्याने बारकाईने घालून दिली, पण त्या घराभोवतीची वस्ती, शेजार आणि गावपण दुसरीकडे कसे न्यायचे, याची जबाबदारी कायद्याने फारशी उचलली नाही. जिथे ही उणीव गावकऱ्यांनी किंवा स्थानिक शासनाने भरून काढली, तिथे बायआउट यशस्वी झाला. जिथे ती तशीच राहिली, तिथे लोक पुरापासून वाचले, पण एकमेकांपासून दुरावले.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेचा भर नदीला आवर घालण्यावर होता. १९२७ मध्ये मिसिसिपी नदीला आलेल्या महापुराने लाखो लोक बेघर झाले आणि त्यानंतर १९२८ व १९३६ च्या कायद्यांनी पूरनियंत्रण ही केंद्र सरकारची जबाबदारी ठरवली. सैन्याच्या अभियंता दलाने धरणे आणि तटबंध, म्हणजे नदीकाठाला समांतर घातलेले मातीचे उंच बांध, मोठ्या प्रमाणावर उभारले. गिल्बर्ट व्हाइट या भूगोलतज्ज्ञाने १९४० च्या दशकात शिकागो विद्यापीठातील आपल्या प्रबंधात या विचाराला आव्हान दिले. पूर निसर्गतः येतो, पण त्यातून होणारी हानी बव्हंशी माणसाच्या वस्तीमुळे होते, तेव्हा नदीला बदलण्याबरोबरच माणसानेही आपल्या वागण्यात बदल करावा, अशी त्यांची मांडणी होती. तटबंध बांधला की त्याच्या आड नवी घरे उभी राहतात आणि तो फुटला की आधीपेक्षा मोठे नुकसान होते, हा अनुभव पुढे वारंवार आला.

या विचाराचा प्रभाव १९६८ च्या राष्ट्रीय पूरविमा कायद्यावर पडला. कोणत्याही वर्षी येण्याची शक्यता १ टक्का असलेल्या पुराला ‘शंभर वर्षांचा पूर’ म्हणतात; महाराष्ट्रातील लाल पूररेषा याच पुराच्या आधारे आखली जाते. अशा पुराच्या क्षेत्रातील बांधकामावर निर्बंध घालणाऱ्या गावांतील रहिवाशांना सरकारी विमा मिळू लागला. मात्र निर्बंध प्रामुख्याने नव्या बांधकामाला लागू होते आणि जुनी घरे जागच्या जागीच राहिली, त्यामुळे तेच घर पुन्हापुन्हा बुडावे, विम्याच्या पैशातून उभे राहावे आणि पुन्हा बुडावे, असे चक्र सुरू झाले. जबर नुकसान झालेली विमाधारक घरे विकत घेण्याची सोय याच कायद्याच्या कलम १३६२ मध्ये होती, परंतु तिच्यासाठी दिला जाणारा निधी तुटपुंजा होता.

मोठ्या प्रमाणावरील खरेदीचे एक प्रारंभिक उदाहरण साउथ डकोटा राज्यातील रॅपिड सिटी शहरात घडले. ९ जून १९७२ च्या रात्री ब्लॅक हिल्स डोंगरांत झालेल्या अतिवृष्टीने रॅपिड क्रीक या ओढ्याला प्रचंड लोंढा आला, कॅन्यन लेकचे धरण फुटले आणि २३८ माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर शहराने केंद्राच्या नागरी नूतनीकरण निधीतून ओढ्याकाठची जमीन विकत घेतली, तेथील वस्ती हलवली आणि त्या पट्ट्यात उद्याने, मैदाने व पायवाटा केल्या. एवढ्या मोठ्या जीवितहानीनंतर पूरक्षेत्रात कोणालाही रात्री झोपायला लागू नये हे तत्त्व शहराने स्वीकारले आणि पुढील दशकांत ते निष्ठेने पाळले.

विस्कॉन्सिनमधील सोल्जर्स ग्रोव्ह या छोट्या गावाचा निर्णय आणखी दूरदर्शी होता. किकापू नदीकाठच्या बाजारपेठेसाठी अभियंता दलाने तटबंध सुचवला होता. परंतु त्याचा खर्च त्याने वाचणाऱ्या मालमत्तेच्या किमतीहून कितीतरी अधिक होता आणि त्याच्या देखभालीचा भारही गावाला पेलणारा नव्हता. म्हणून गावाने संपूर्ण बाजारपेठच उंचावर नेण्याचा आग्रह धरला. १९७८ च्या पुरानंतर केंद्राचा निधी मिळू लागला आणि १९८० च्या दशकाच्या प्रारंभी नवी पेठ उभी राहिली. तेथील दुकानांनी उष्णतेची निदान निम्मी गरज सूर्यापासून भागवावी, असा नियमही गावाने केला. २००७ आणि २००८ मध्ये किकापूला मोठे पूर आले तेव्हा ही पेठ सुरक्षित राहिली. इथे सुट्या सुट्या इमारतींचा सौदा झाला नव्हता. गावाने आधी नवी जागा निश्चित केली आणि मग जुनी सोडली.

राष्ट्रीय पातळीवर बायआउटला भक्कम आधार मिळाला तो १९८८ च्या स्टॅफर्ड कायद्याने. या कायद्यातील कलम ४०४ नुसार, आपत्तीनंतर भावी हानी टाळणाऱ्या कामांसाठी राज्यांना निधी मिळू लागला, पण निम्मा खर्च राज्याने किंवा स्थानिक शासनाने करायचा होता. १९९३ च्या उन्हाळ्यात मिसिसिपी आणि मिसूरी नद्यांच्या महापुराने मध्य-पश्चिमेतील ९ राज्ये झोडपली, तेव्हा हा वाटा गरीब गावांना झेपणारा नाही हे स्पष्ट झाले. मिसूरीचे लोकप्रतिनिधी हॅरल्ड व्होल्कमर यांच्या पुढाकाराने त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन केंद्राचा वाटा ७५ टक्के करण्यात आला. घराची किंमत पुरापूर्वीच्या बाजारभावाने ठरवता येते, त्याच नुकसानीसाठी मिळालेली अन्य मदत त्यातून वजा होते, बँकेचे कर्ज असल्यास ते आधी फेडले जाते, आणि जमीन स्थानिक शासनाच्या मालकीत कायमची मोकळी ठेवण्याची अट खरेदीखतात नोंदवली जाते. भाडेकरूंना विक्रीबाबत निवड करता येत नाही, म्हणून त्यांना स्थलांतरासाठी वेगळे साहाय्य मिळते.

१९९३ च्या पुरानंतर इलिनॉयमधील व्हॅल्मेयर या सुमारे ९०० वस्तीच्या गावाने कड्याच्या माथ्यावर, जुन्या जागेपासून सुमारे दोन मैलांवर, नवे गाव वसवले. शाळा, चर्च, रस्ते आणि घरांची आखणी रहिवाशांच्या समित्यांनी केली. तरीही नव्या घरांत जाईपर्यंत कुटुंबांना प्रदीर्घ काळ तात्पुरत्या निवाऱ्यांत काढावा लागला आणि तेवढा धीर न धरवलेली कुटुंबे अन्यत्र गेली. मिसूरीतील सेंट चार्ल्स परगण्यात असंख्य घरे विकत घेतली गेली होती. १९९५ मध्ये तिथे पुन्हा पूर आला तेव्हा केंद्राला द्यावी लागलेली मदत १९९३ च्या तुलनेत अगदी किरकोळ होती. करदात्याचा पैसा एकदाच खर्चून दरवेळची भरपाई टाळता येते, हा या धोरणामागचा आर्थिक युक्तिवाद त्यातून बळकट झाला.

मात्र या युक्तिवादात न मोजलेला खर्चही मोठा आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणानुसार पूर आल्यापासून खरेदी पूर्ण होईपर्यंत साधारणपणे पाच वर्षांहून अधिक काळ जातो. या काळात घरमालकाने दुरुस्ती करावी की वाट पाहावी, हप्ते भरत राहावे की गाव सोडावे, याला सरळ उत्तर नसते. शिवाय खरेदी ऐच्छिक असल्याने एक घर पाडले जाते आणि शेजारचे राहते. वस्तीला बुद्धिबळाच्या पटाचे रूप येते आणि विरळ झालेल्या घरांसाठी रस्ते व जलवाहिन्या चालू ठेवण्याचा बोजा मात्र घटत नाही. अमेरिकेत शाळा आणि नागरी सेवा बऱ्याच अंशी स्थानिक मालमत्ता करावर चालतात, त्यामुळे घर गेले की तो करही जातो आणि म्हणून अनेक गावे या योजनेकडे वळतच नाहीत.

किमतीच्या प्रश्नाला वंशभेदाचाही इतिहास आहे. १९३० च्या दशकात सरकारी नकाशांनी कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांना कर्जासाठी जोखमीच्या ठरवले आणि तेथील घरांची किंमत दीर्घकाळ दबलेली राहिली. बाजारभावाने दिलेला मोबदला कागदावर न्याय्य असला, तरी तेवढ्या पैशात सुरक्षित भागात घर मिळत नसेल, तर तो न्याय अपुरा ठरतो. गुलामगिरीतून मुक्त झालेल्यांनी वसवलेल्या आणि १८८५ मध्ये अधिकृत नगराचा दर्जा मिळालेल्या नॉर्थ कॅरोलायनातील प्रिन्सव्हिलने १९९९ च्या फ्लॉइड वादळानंतर बायआउट ३ विरुद्ध २ मतांनी नाकारला आणि बांध दुरुस्त करण्याचा पर्याय स्वीकारला. २०१६ मध्ये मॅथ्यू वादळात ते पुन्हा बुडाले. तरीही या निर्णयाला हट्ट म्हणणे अन्यायाचे होईल, कारण पूर्वजांनी स्वातंत्र्याची पहिली जमीन म्हणून मिळवलेल्या गावाला मोबदल्याच्या कोष्टकात रकानाच नव्हता. २०१९ मध्येच ‘सायन्स अॅडव्हान्सेस’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने ४०,००० हून अधिक खरेद्या तपासल्या. त्यातून दिसले की योजना राबवणारे परगणे तुलनेने सधन असतात, पण त्यांत विकत घेतलेली घरे बहुधा सामाजिकदृष्ट्या दुर्बल भागांतील असतात.

यावर स्थानिक पातळीवर काही उपाय सापडले. नॉर्थ कॅरोलायनातील शार्लट शहर आणि त्याच्या मेक्लेनबर्ग परगण्याने पावसाळी पाण्याच्या निचऱ्यासाठी घेतल्या जाणाऱ्या शुल्कातून स्वतःचा निधी उभारला, त्यामुळे केंद्राच्या मंजुरीची वाट न पाहता पुरानंतर लगेच खरेदी करता येते. न्यू जर्सी राज्याने १९९५ पासून ‘ब्लू एकर्स’ योजना चालवली आणि सँडी वादळानंतर प्रत्येक कुटुंबाला मार्गदर्शक अधिकारी देऊन, कर्जाचा उरलेला भाग माफ व्हावा म्हणून बँकांशी वाटाघाटीही केल्या. न्यू यॉर्क शहराच्या स्टेटन आयलंडवरील ओकवुड बीचमध्ये रहिवाशांनी स्वतः संघटित होऊन सरकारकडे खरेदीची मागणी केली. राज्याने वादळापूर्वीच्या पूर्ण किमतीवर प्रोत्साहनपर रक्कम दिली आणि शहरातच राहणाऱ्यांना अधिक रक्कम देऊ केली.

या सर्व प्रसंगांची तुलना केली, तर बायआउटचे यश किती घरे पाडली यावरून ठरवणे अपुरे ठरते. नदीचे पात्र आणि काठ मोकळा करणे हे सार्वजनिक हिताचे काम आहे आणि त्यासाठी करदात्यांनी खर्च करणे योग्यच आहे. परंतु त्या हिताची किंमत पूरक्षेत्रात राहणे भाग पडलेल्या कुटुंबांनी आपला शेजार गमावून चुकवावी, हे कोणत्याही लोकशाहीला शोभणारे नाही. सोल्जर्स ग्रोव्ह आणि व्हॅल्मेयर यांनी दाखवून दिलेला क्रम, म्हणजे आधी सर्वांच्या संमतीने नवी जागा, मग वेळेत पैसा आणि शेवटी जुन्या जागेचा त्याग, हा अपवाद न राहता कायद्याचा पाया व्हायला हवा. हवामान बदलामुळे पूररेषा पुढे सरकत असताना अशा खरेद्या वाढतच जाणार आहेत, म्हणूनच वस्तीला वस्ती म्हणून हलवण्याचा खर्च मोबदल्यातच धरणे हे या धोरणाचे पुढचे आणि अपरिहार्य पाऊल आहे.