शिरूर-दौंडच्या ऐतिहासिक नोंदी आणि अंशतः शब्दशोध

पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड यांचा ब्रिटिशकालीन इतिहास संगणकीय नोंदींत शोधू पाहणाऱ्या अभ्यासकास पहिली अडचण येते ती घटनांची नव्हे, तर नावांची. १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटिअरमध्ये ही गावे रोमन लिपीत ‘सिरूर’ व ‘धोंड’ अशी येतात. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव येथे लढलेली कॅप्टन स्टॉन्टन यांची तुकडी शिरूरच्या छावणीतूनच निघाली होती. मात्र इंग्रजी वृत्तांतांत त्या गावाचे लेखन ‘सेरूर’ असेही आढळते. १८७८ चा लोहमार्गही ‘धोंड-मनमाड’ याच नावाचा. आजची रूपे टंकित करून नेमका शब्द शोधल्यास ‘नोंद नाही’ असे उत्तर येते. ते प्रमाण मानले, तर छावणीच इतिहासातून वगळली जाते.

१९८६ मध्ये प्रमाणित झालेल्या एसक्यूएल या भाषेतील ‘लाइक’ ही योजना येथे साहाय्यक ठरते. तीत टक्क्याचे चिन्ह कितीही अक्षरांच्या जागी, तर अधोरेखा केवळ एका अक्षराच्या जागी चालते. रोमन ‘डी’, पुढे टक्का व शेवटी ‘एनडी’ असा आकृतिबंध दिल्यास दौंड आणि धोंड ही दोन्ही लेखने हाती लागतात. देवनागरीत ‘शिर’, अधोरेखा, ‘र’ असे लिहिल्यास ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ मिटतो, कारण संगणकाच्या लेखी उकार हे स्वतंत्र चिन्ह आहे. ‘शिर’ पुढे नुसता टक्का दिला, तर मात्र बीडचे शिरूर कासार, लातूरचे शिरूर अनंतपाळ, शिरोळ, शिरपूर आणि शिर्डीसुद्धा यादीत येते! टक्का आरंभीच दिल्यास नेहमीची अनुक्रमणिका निरुपयोगी होऊन मोठ्या संग्रहात शोध मंदावतो, हा आणखी एक दोष.

उच्चारावर आधारलेली ‘साउंडेक्स’ पद्धती याहून जुनी. तिचे अमेरिकी पेटंट १९१८ चे. तिच्या नियमांनुसार धोंड व दौंड यांचा संकेतांक एकच येतो. सिरूर, सेरूर व शिरूर यांचाही एकच. इंग्रजी आडनावांसाठी योजलेली पद्धती मराठी ग्रामनामांना इतकी लागू पडावी, हे नवलच.

परंतु शिरूरचे ‘घोडनदी’ हे दुसरे नाव यांपैकी कोणत्याही युक्तीने सापडत नाही. तेथे अक्षरसाम्य नाही, उच्चारसाम्यही नाही. त्यासाठी पर्यायी नावांची स्वतंत्र सारणी, कोणते नाव कोणत्या साधनात व कोणत्या काळात आढळते या तपशिलासह, माणसानेच तयार करावी लागते.