लाभक्षेत्रातील जमिनीवर सेझचा दावा : पेणच्या २२ गावांचा लढा

मुंबई-गोवा महामार्गावर पाताळगंगेवरील खारपाड्याचा पूल ओलांडून दक्षिणेकडे निघाले की जिते, हमरापूर ही पेण तालुक्यातील गावे लागतात. पनवेल-रोहा लोहमार्गावरही या दोन्ही नावांची स्थानके आहेत. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला धरमतर खाडीकडे उतरत जाणारी भातखाचरे आणि खाडीचे पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेले बांध, असा हा मुलूख. याच तालुक्यातील २२ गावांनी २१ सप्टेंबर २००८ रोजी एका प्रश्नावर मतदान केले. आपली जमीन विशेष आर्थिक क्षेत्रासाठी, म्हणजेच ‘सेझ’साठी, द्यायची की नाही, एवढाच तो प्रश्न होता.

प्रकल्प आणि त्याची व्याप्ती

विशेष आर्थिक क्षेत्रांसंबंधीचा केंद्रीय कायदा २००५ साली संमत झाला आणि फेब्रुवारी २००६ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. त्यानंतर उरण, पनवेल आणि पेण या तीन तालुक्यांतील ४५ गावांच्या सुमारे १० हजार हेक्टर जमिनीवर महामुंबई सेझ उभारण्याचा प्रस्ताव पुढे आला. रिलायन्स उद्योगसमूहाशी संबंधित असलेल्या या खासगी प्रकल्पासाठी राज्य शासनाने १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली जमीन संपादनाची प्रक्रिया सुरू केली. ‘सार्वजनिक प्रयोजना’साठी असलेला ब्रिटिशकालीन कायदा एका कंपनीसाठी का वापरला जातो, हा आंदोलकांचा पहिला आक्षेप होता.

पाणी कोणाचे?

पेणमधील आक्षेप याहून वेगळा आणि अधिक नेमका होता. ही २२ गावे भोगेश्वरी नदीवरील हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रात येतात. सिंचनासाठी सार्वजनिक पैशातून धरण बांधायचे, त्याचे लाभक्षेत्र ठरवायचे आणि तीच जमीन पुन्हा उद्योगासाठी घ्यायची, हे शासनाच्याच धोरणाशी विसंगत असल्याचे शेतकऱ्यांचे म्हणणे होते. ओलिताखालची जमीन शक्यतो बिगरशेती कामासाठी घेऊ नये, या तत्त्वाचा आधार ते घेत होते.

प्रत्यक्षात मात्र धरण उभे राहिले तरी कालव्यांची कामे रखडली होती. धरणाचे पाणी सिडकोमार्फत नवी मुंबईच्या वसाहतींकडे जाऊ लागले, पण अनेक गावांच्या शेतापर्यंत ते पोहोचले नाही. त्यामुळे कागदावर लाभक्षेत्र असलेली जमीन व्यवहारात पावसाच्या एका भातपिकावरच राहिली. मग एकपिकी जमीन उद्योगाला देण्यात तोटा काय, असा युक्तिवाद पुढे येत असे. कालवे पूर्ण न करणे ही शासनाची त्रुटी, आणि तिचेच फळ म्हणून जमीन गमवायची वेळ शेतकऱ्यावर. या लढ्याचे मर्म याच विसंगतीत होते.

खारभूमीची स्थितीही समजून घ्यायला हवी. बाहेरकाठे आणि उघाड्या शाबूत असतील तरच खाडीलगतच्या खाचरात भात पिकते. बांध फुटला आणि भरतीचे पाणी आत शिरले की पीक जाते आणि जमिनीत खार उतरतो. त्यामुळे एखादी शेती काही वर्षे पडीक दिसली, तरी ती मुळातच नापीक होती असे म्हणता येत नाही.

लढ्याची परंपरा

रायगडला जमिनीच्या लढ्यांचा मोठा वारसा आहे. अलिबागजवळच्या चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी १९३३ मध्ये पुकारलेला संप काही वर्षे चालला. नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचा बळी गेला. मात्र १९८४ ची लढाई प्रामुख्याने योग्य मोबदल्यासाठी होती. सेझविरोधी लढ्यात ‘जमीनच द्यायची नाही’ ही भूमिका घेतली गेली. प्रा. एन. डी. पाटील, सर्वहारा जनआंदोलनाच्या उल्का महाजन आदींनी या आंदोलनाला दिशा दिली. मोर्चे, निदर्शने आणि हरकती या मार्गांनी ते सुरू राहिले.

एप्रिल २००७ मध्ये केंद्राने सेझच्या क्षेत्रावर ५ हजार हेक्टरची मर्यादा घातली आणि राज्यांनी त्यासाठी सक्तीने जमीन संपादित करू नये, असा निर्णय घेतला. तरीही रायगडमधील प्रक्रिया थांबली नाही. अखेर लाभक्षेत्रातील गावांचे मत अजमावण्याचे राज्य शासनाने मान्य केले. प्रकल्पासाठी जमीन द्यावी की नाही, याविषयी प्रशासनानेच बाधित शेतकऱ्यांचे मतदान घेण्याचा हा देशातील विरळा प्रसंग. शासनाने निकाल तातडीने जाहीर केला नाही. मात्र मतदारांचा कौल प्रचंड बहुमताने प्रकल्पाच्या विरोधात असल्याचे स्पष्ट झाले होते.

निवाडा झालाच नाही

जुन्या कायद्यानुसार कलम ६ ची अधिसूचना निघाल्यापासून दोन वर्षांत निवाडा जाहीर होणे बंधनकारक होते. तसे न झाल्यास संपादनाची सारी कार्यवाही रद्द होत असे. महामुंबई सेझच्या बाबतीत ही मुदत पाळली गेली नाही आणि २००९ मध्ये सक्तीचे संपादन बारगळले. तांत्रिकदृष्ट्या प्रकल्प मुदतीअभावी थांबला. पण मुदत संपेपर्यंत गावांनी सातबारा सोडला नाही, हेही त्यामागचे कारण होते.

पुढे २०१३ मध्ये नवा भूसंपादन कायदा झाला आणि १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. खासगी कंपनीसाठी जमीन घेताना ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती, सामाजिक परिणामांचा अभ्यास आणि ओलिताच्या बहुपिकी जमिनीच्या संपादनावर निर्बंध या तरतुदी त्यात आल्या. पेणच्या शेतकऱ्यांनी जे मागितले होते, त्याचा बराच भाग देशाच्या कायद्यात आला.

तथापि, प्रश्न मिटलेला नाही. अटल सेतूनंतर उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतील १२४ गावांसाठी नवनगराची योजना आखण्यात आली आणि २०२४ मध्ये मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे तिची जबाबदारी सोपविण्यात आली. या योजनेलाही ग्रामस्थांनी हरकती नोंदविल्या आहेत. बहुपिकी जमिनीला कायद्याचे संरक्षण आहे. पण ती बहुपिकी होण्यासाठी आधी कालव्याचे पाणी शेतापर्यंत पोहोचावे लागते. २२ गावांच्या लढ्याने पुढील प्रत्येक योजनेपुढे ठेवलेला प्रश्न तोच आहे.